अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली खरी निर्णायक लढाई कोणती? (साराटोगा, ट्रेंटन, यॉर्कटाउन की अजून तिसरंच काही)

मुळशीकर:
४ जुलैला आमच्या क्लायंटला सुट्टी, त्यामुळे संध्याकाळचे कॉल नाहीत, सगळी टीम कॅन्टीनमध्ये चहा पीत बसलेली. कोणीतरी सहज विचारलं की ही लोकं नेमकी जिंकली कधी? तर अर्धे म्हणाले यॉर्कटाउन, एक जण म्हणाला वॉशिंग्टनने साराटोगाला इंग्रजांना शरण आणलं तेव्हा. मी म्हणलं बाबा रे, वॉशिंग्टन साराटोगाला नव्हताच, तिथे गेट्स सेनापती होता आणि मैदानावर खरं काम केलं आर्नल्ड आणि मॉर्गनने. झालं, तासभर वाद. म्हणून इथे धागा काढतोय, जाणकारांनी भर घालावी.

माझं मत साराटोगा. थोडक्यात सांगतो (थोडक्यात होणार नाही, माहितीये). १७७७ चा इंग्रजांचा बेत असा की बर्गॉइनने कॅनडातून तळ्यांच्या वाटेने खाली ऑल्बनीला यायचं, न्यू यॉर्कवरून हाउने वर यायचं, म्हणजे न्यू इंग्लंडचा तुकडा बाकीच्या वसाहतींपासून तोडला जाईल. आता हाउसाहेब निघाले भलतीकडेच, जहाजात बसून फिलाडेल्फिया घ्यायला. बर्गॉइनने जुलैत टायकॉन्डेरोगाचा किल्ला जवळजवळ न लढता घेतला, शेजारच्या टेकडीवर तोफा चढवल्या आणि आतले लोक रातोरात पळाले. लंडनमध्ये आनंदीआनंद. पण पुढचे वीस-बावीस मैल जंगलातून जायचं होतं आणि अमेरिकनांनी काय केलं तर झाडं तोडून वाटेत आडवी टाकली, पूल मोडले, ओढ्यांचं पाणी वाटेवर सोडलं. बर्गॉइनच्या माणसांना चाळीसेक पूल बांधावे लागले आणि एवढ्याशा अंतराला तीन आठवडे. तोवर धान्य संपत आलं, घोडे नाहीत, म्हणून बेनिंग्टनला एक तुकडी पाठवली ती आणि तिच्या मदतीला गेलेली दुसरी अशी मिळून नऊशेच्या आसपास माणसं गेली. मग १९ सप्टेंबर आणि ७ ऑक्टोबर अशा दोन लढाया, आणि १७ ऑक्टोबर १७७७ ला साधारण ५८०० माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. इंग्रजांची अख्खी फौजच्या फौज शरण. बातमी डिसेंबरच्या सुरुवातीला पॅरिसला पोचली आणि ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सने करार केला. फ्रान्स नसता तर पुढचं काहीच नाही. बास.

निवांत:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

जर्सीची_काकू:
मुळशीकर, धागा छान पण तुम्ही डिसेंबर १७७६ विसरलात. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नाताळच्या दिवशी डेलावेअर नदीवर वॉशिंग्टनने नदी ओलांडली त्याचा देखावा करतात, पोशाख घालून, बोटी घालून. एका वर्षी मुलांना घेऊन गेलो, थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं, आणि वारा इतका की बोटी सोडल्याच नाहीत, नुसती भाषणं झाली आणि काठावरूनच तोफेचा बार. मुलगा रुसला. मी मात्र त्या बोटीपाशी उभी राहून बघत होते. डरहॅम बोट म्हणतात तिला, मूळ काम लोखंड वाहायचं, लांबच लांब, उथळ, बसायला काहीच नाही. म्हणजे माणसं उभ्याने गेली असणार, रात्री, पाण्यात बर्फाच्या लाद्या वाहतायत, वरून गारांचा मारा, आणि सोबत १८ तोफा आणि घोडे! आम्ही दोन जॅकेटं घालून कुडकुडत होतो आणि ती तर दुपार होती.

बेत होता मध्यरात्रीपर्यंत पार व्हायचा, झाले पहाटे तीनला. दुसऱ्या दोन तुकड्या अजून दोन ठिकाणाहून यायच्या होत्या, त्या पोचल्याच नाहीत. तरी हा माणूस २४०० लोक घेऊन नऊ मैल चालत गेला आणि सकाळी आठला ट्रेंटनवर हल्ला. नऊशेच्या आसपास हेसियन (इंग्रजांनी भाड्याने आणलेले जर्मन सैनिक) पकडले, त्यांचा कर्नल राल जखमी होऊन गेला. (ते दारू पिऊन पडले होते ही दंतकथा हो, ते बिचारे आठवडाभर छोट्या छोट्या हल्ल्यांनी जागून जागून थकलेले होते.)

पण खरी गोष्ट पुढची आहे. बऱ्याचशा सैनिकांची नोकरी ३१ डिसेंबरला संपत होती. संपली की घरी. वॉशिंग्टनने त्यांना सहा आठवडे थांबायचे दहा डॉलर देऊ केले. ट्रेंटन जिंकलं नसतं तर दहा काय शंभर दिले असते तरी कोण थांबलं असतं? साराटोगा व्हायला आधी फौज जिवंत राहायला हवी ना.

तोफखाना:
काकू, थालीपीठासकट प्रतिसाद आवडला, पण नऊशे कैदी म्हणजे काय युद्ध जिंकणं नव्हे. न्यू यॉर्क त्यानंतरही जवळजवळ सात वर्षं इंग्रजांकडे होतं, नोव्हेंबर १७८३ पर्यंत. ट्रेंटन म्हणजे शेवटच्या क्षणी सलाइन लावलं एवढंच.

आणि धागाकर्ते, आधी 'महत्त्वाची' म्हणजे काय ते ठरवा. जिच्यामुळे युद्ध संपलं ती, का जिच्याशिवाय ते चालूच राहिलं नसतं ती? दोन्ही एकच धरून आपण भांडत बसतो. पानिपत महत्त्वाचं का पालखेड, तसलाच वाद. माझ्या लेखी जिच्यामुळे संपलं ती, म्हणजे यॉर्कटाउन, १९ ऑक्टोबर १७८१. सात हजारांवर माणसं शरण आली, इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस म्हणाला तब्येत बरी नाही आणि तलवार द्यायला हाताखालच्या ओ'हाराला पाठवला. पंतप्रधान नॉर्थच्या तोंडून बातमी ऐकून 'देवा, सगळं संपलं' निघालं. अजून काय पुरावा पाहिजे?

साराटोगामुळे फ्रान्स आला हेही अर्धसत्य आहे. फ्रान्स आधीपासून चोरून माल पाठवतच होता. बोमार्शे नावाचा नाटककार, त्याने एक नावापुरती कंपनी काढली आणि तिच्यामार्फत तोफा, बंदुका, दारू, कपडे सगळं अमेरिकेत. साराटोगाला अमेरिकनांच्या हातात होता त्यातला बराचसा माल फ्रेंचच. म्हणजे तुम्ही म्हणताय की विजयामुळे फ्रान्स आला, मी म्हणतो फ्रान्समुळे विजय आला.

मुळशीकर:
तोफखाना, चोरून माल देणं आणि आपलं आरमार उघड समुद्रात उतरवणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. शेजाऱ्याला भांडायला काठी देणं वेगळं आणि स्वतः बाह्या सरसावून अंगणात उतरणं वेगळं. फ्रान्सला खात्री हवी होती की ही मंडळी मध्येच इंग्रजांशी तडजोड करणार नाहीत. साराटोगानंतर नॉर्थच्या सरकारने खरंच तडजोडीची चाचपणी सुरू केली होती, त्यामुळे फ्रान्सला घाई झाली.

'महत्त्वाची' ची व्याख्या मात्र बरोबर विचारलीत. माझी व्याख्या: जी काढून टाकली तर बाकीचं सगळं कोसळतं ती.

दर्यावर्दी:
मग तुमच्याच व्याख्येने उत्तर ५ सप्टेंबर १७८१. आणि गंमत म्हणजे त्या लढाईत एकही अमेरिकन तुकडी नव्हती आणि एकही जहाज हातघाईत बुडालं नाही.

चेसापीकच्या उपसागराच्या तोंडाशी फ्रेंच सेनापती द ग्रास २४ मोठी लढाऊ जहाजं घेऊन नांगर टाकून बसलेला. शेकडो खलाशी किनाऱ्यावर, कोणी पाणी भरतंय, कोणी फौज उतरवतंय. तेवढ्यात इंग्रजांचा ग्रेव्ह्ज १९ जहाजं घेऊन आला. फ्रेंचांकडे नांगर ओढायलाही वेळ नव्हता, दोरखंड तोडून निघाले, किनाऱ्यावरचे लोक किनाऱ्यावरच. बाहेर पडताना ती सगळी विस्कळीत होती, तेव्हाच ग्रेव्ह्जने गाठलं असतं तर आज हा धागा नसता. पण तो आपली रांग सरळ करत बसला! मग त्याच्या जहाजावर दोन निशाणं, एक 'रांगेत राहा' आणि दुसरं 'जवळ जाऊन भिडा'. मागच्या तुकडीचा हूड म्हणाला रांगेचं निशाण वर आहे तर मी रांगेत, आणि तो जवळजवळ लढलाच नाही. दोनअडीच तास तोफा चालल्या, मग अंधार. पुढचे काही दिवस दोन्ही आरमारं एकमेकांकडे बघत तरंगत राहिली, तेवढ्यात दुसरा फ्रेंच ताफा वेढ्याच्या जड तोफा घेऊन गुपचूप उपसागरात शिरला. ग्रेव्ह्ज न्यू यॉर्कला परत. कॉर्नवॉलिस आत कोंडला गेला.

यॉर्कटाउनचा वेढा म्हणजे त्यानंतरचं निव्वळ खोदकाम. समुद्र फ्रेंचांकडे गेला तिथेच निकाल लागला. तोफखाना, तुमच्या नावाला साजेसं नाही पण तुमची यॉर्कटाउन म्हणजे ऑलरेडी कुलूप लागलेल्या खोलीत शिरून माणूस धरणं.

अजून एक, द ग्रास येताना हवानातून पाच लाख पेसो घेऊन आला होता, वॉशिंग्टनच्या मोहिमेचा खर्च, सैनिकांचे पगार. जहाजं फ्रेंच, पैसा स्पॅनिश वसाहतीतला, आणि पुतळे कोणाचे ते बघा.

जर्सीची_काकू:
दर्यावर्दी, यावरून आठवलं. वॉशिंग्टनला खरं तर न्यू यॉर्कवरच हल्ला करायचा होता, फ्रेंच पायदळाचा सेनापती रोशाम्बोने समजावलं आणि द ग्रास चेसापीकला येतोय अशी चिठ्ठी आली तेव्हा तो दक्षिणेला निघाला. न्यू यॉर्कमधल्या इंग्रज सेनापती क्लिंटनला कळू नये म्हणून आमच्या जर्सीतल्या चॅथमला फ्रेंचांनी पाव भाजायच्या भट्ट्या बांधल्या, म्हणजे वाटावं मुक्काम इथेच आहे. चॅथमवरून मी कित्येकदा ट्रेनने गेलेय, हे माहीतच नव्हतं.

पाटीपेन्सिल:
बाळबोध प्रश्न. हा कॉर्नवॉलिस आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला कायमधाऱ्याचा कॉर्नवॉलिस एकच का? मी आजवर दोन वेगळे समजत होते 🙈

तोफखाना:
एकच! यॉर्कटाउनला हरला आणि पाच वर्षांनी, १७८६ ला, गव्हर्नर जनरल म्हणून इकडे. १७९२ ला श्रीरंगपट्टणला टिपूला गुडघ्यावर आणला तेव्हा त्याच्या बाजूला आपले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन होते. १८०५ मध्ये होळकर-शिंद्यांबरोबरचं युद्ध मिटवायला म्हातारपणी परत पाठवला तर दोनतीन महिन्यांतच गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे. साहेबलोकांची नोकरी हारल्यावर जात नाही, बदली होते.

कोरडवाहू:
सगळे उत्तरेत आणि समुद्रावर. कॉर्नवॉलिस मुळात यॉर्कटाउनला पोचला कसा ते कोणीच विचारत नाहीये. माझं मत गिलफर्ड कोर्टहाउस, १५ मार्च १७८१. आणि ती अमेरिकन हरले होते.

१७८० मध्ये दक्षिणेत इंग्रज जोरात. चार्ल्सटन पडलं, तिथे पाचेक हजार माणसं शरण, मग कॅमडेनला साराटोगाफेम गेट्सची दाणादाण. त्याच्या जागी आला नॅथॅनेल ग्रीन. त्याने फौज दोन भागात वाटली, जे पुस्तकात करू नका म्हणतात तेच. त्यातल्या एका भागाचा डॅनियल मॉर्गन, त्याने १७ जानेवारी १७८१ ला काउपेन्सला काय केलं बघा. त्याच्याकडचे हौशे शिलेदार पळून जाणार हे त्याला माहीतच होतं. म्हणून आदल्या रात्री शेकोटी-शेकोटीपाशी फिरून त्यांना सांगितलं, दोन बार काढा आणि खुशाल मागे जा. ते गेले, समोरच्या इंग्रज टार्लटनला वाटलं पळाले, घोडदळ आणि पायदळ उधळत आत घुसलं आणि मागे नेहमीची फौज उभी. तासाभरात खेळ खलास.

चिडलेल्या कॉर्नवॉलिसने ग्रीनचा पाठलाग वेगात करायचा म्हणून स्वतःचं सामान जाळलं, तंबू, गाड्या, रमसुद्धा. रम! सैनिकांची काय अवस्था झाली असेल. ग्रीन त्याला फरफटत डॅन नदीपर्यंत घेऊन गेला आणि आधीच जमवून ठेवलेल्या होड्यांतून पलीकडे. कॉर्नवॉलिस अलीकडे, हात चोळत. मग गिलफर्डला गाठ पडली, इंग्रज १९०० आणि ग्रीनकडे त्याच्या दुपटीहून जास्त, मैदान इंग्रजांनी मारलं, पण पाचशेवर माणसं मेली किंवा जखमी. लंडनच्या पार्लमेंटात विरोधी पक्षाचा फॉक्स म्हणाला असा अजून एक विजय म्हणजे आपली फौज संपलीच. त्यानंतर कॉर्नवॉलिस कॅरोलिना सोडून व्हर्जिनियात गेला आणि शेवटी यॉर्कटाउनला. म्हणजे सापळ्यापर्यंत त्याला चालवत नेला ग्रीनने.

निवांत:
म्हणजे गनिमी कावा. ग्रीनकाका आमच्या सह्याद्रीतलेच.

कोरडवाहू:
निवांत, प्रत्येक माघारीला गनिमी कावा म्हणू नका हो, प्लीज. ग्रीन समोरासमोर चार मोठ्या लढाया लढला आणि सगळ्या हरला किंवा सोडून निघून गेला. साधनं वेगळी, देश वेगळा. त्याचं त्याला राहू द्या.

आबा_तळेगाव:
मंडळी, उशिरा आलो. कोरडवाहूंशी सहमत, ओढूनताणून नातं जोडू नये. पण एक नातं खरोखर आहे आणि ते आमच्या दारात आहे म्हणून लिहितो.

१७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला, नाना फडणिसांना भेटला. माणूस बढाईखोर, पण मुंबईकर आणि कलकत्तेकर इंग्रजांची झोप उडाली, की तिकडे अमेरिकेत फ्रेंच आणि इकडे पुण्यात पण फ्रेंच. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याची बातमी १७७८ च्या पावसाळ्यात कलकत्त्याला आली, ऑक्टोबरात पाँडिचेरी घेतली, आणि नोव्हेंबरात मुंबईकरांनी राघोबादादांना पुढे घालून पुण्यावर फौज काढली. चारेक हजार माणसं आणि सामान वाहायला किती बैल म्हणता? १९ हजार! बोरघाट चढून खंडाळा, कार्ले, आणि पुढे दिवसाला मैलभर सरकायचं. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला इंग्रज कॅप्टन स्ट्यूअर्ट पडला, आपल्या लोकांनी त्याच्या शौर्यावरून नाव ठेवलं इष्टूर फाकडा. ९ तारखेला तळेगावला पोचले तर गावात दाणा नाही, चारा नाही, सगळं जाळून मोकळं केलेलं. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटल्या, दारूगोळा पेटवला आणि परत फिरले. वडगावला महादजींनी गाठलं आणि करार करायला लावला.

आता मुळशीकरांचा पहिला प्रतिसाद परत वाचा. जंगलातली वाट, अवजड सामान, धान्य संपलेलं. बर्गॉइनला वाटलं राजनिष्ठ वसाहतवाले येऊन मिळतील, इकडे राघोबांना वाटलं सरदार येऊन मिळतील. दोघांकडे कोणी फिरकलं नाही. मध्ये अंतर फक्त पंधरा महिन्यांचं.

आणि सगळ्यात मजा पुढे. साराटोगाला कलम असं होतं की बर्गॉइनची माणसं इंग्लंडला जातील आणि पुन्हा अमेरिकेत लढणार नाहीत. अमेरिकन काँग्रेसने ते पाळलं नाही, सैनिकांना अडकवून ठेवलं. वडगावला कलम असं की साष्टी वगैरे १७७३ नंतर घेतलेलं सगळं परत. ते इंग्रजांनी पाळलं नाही, कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज म्हणाला असा करार करायचा यांना अधिकारच नव्हता. सालबाईच्या तहात, १७८२ ला, साष्टी त्यांच्याकडेच राहिली. कागद सोयीचा नसला की तो कोणाचाही असो, फाटतोच.

मुळशीकर:
आबा, _/\_. मी दर शनिवारी त्या वडगावच्या चौकातून जातो, महादजींचा पुतळा बघतो आणि सिग्नलला शिव्या घालतो. हे डोक्यातच आलं नव्हतं.

तोफखाना:
आबा, ग्रेट. पण मूळ प्रश्नाला यातून मुद्दा मिळतो तो असा की इंग्रज एकाच वेळी किती ठिकाणी लढत होते! १७७९ ला स्पेन उतरलं, १७८० च्या शेवटी डच, इकडे नाना आणि महादजी, खाली हैदर, ज्याने १७८० मध्ये पोल्लिलूरला इंग्रजांच्या बेलीची तुकडी कापून काढली. ग्रेव्ह्जकडे १९ च जहाजं का होती, २९ का नव्हती, याचं उत्तर तिथे आहे.

आणि ही सगळी भानगड सुरू झाली फ्रान्स उघड उतरल्यावर. अर्रर्र. म्हणजे मी मुळशीकरांच्याच बाजूने बोललो का?

मुळशीकर:
हो 😄 स्क्रीनशॉट काढलाय.

दर्यावर्दी:
साराटोगा फार तर दार उघडणारी, बास, त्याहून जास्त मी देणार नाही. फ्रान्स १७७८ ला आला आणि पुढची तीन वर्षं काय केलं? न्यूपोर्टला जमलं नाही, सव्हानाला सपाटून मार खाल्ला. द ग्रास वेळेवर पोचला नसता तर चौथं वर्ष तसंच गेलं असतं आणि फ्रान्सची तिजोरी त्याआधीच बसली असती.

बाय द वे आबांच्या विषयाला धरून, त्या युद्धातली शेवटची मोठी चकमक कुठे झाली माहितीये का? कडलूर, तमिळनाडू. यॉर्कटाउन होऊन दीडएक वर्ष झालेलं, युरोपात जानेवारी १७८३ ला कच्चा तहसुद्धा झालेला, आणि इकडे जूनमध्ये कडलूरच्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडलाय आणि समुद्रात फ्रेंच सफ्रां आणि इंग्रज ह्यूज यांची आरमारं एकमेकांवर तोफा डागतायत. जूनच्या अखेरीला तहाची बातमी घेऊन जहाज आलं तेव्हा थांबले.

पाटीपेन्सिल:
म्हणजे सहा महिने फुकट मेली माणसं? व्हॉट्सॅप नसल्याचे तोटे.

मुळशीकर:
कॅन्टीनमधल्यांना उद्या हा धागा पाठवतोय. माझं मत अजूनही साराटोगाच, पण थोडं सरकलंय. त्या दोन लढायांपेक्षा मला आता जुलैमधले ते वीस-बावीस मैल जास्त खटकतायत. टायकॉन्डेरोगानंतर बर्गॉइन परत मागे जाऊन तळ्याच्या वाटेने आला असता, जी त्याच्याच कागदावर सोपी म्हणून लिहिलेली होती, तर दोन आठवडे आधी पोचला असता आणि समोर जेमतेम फौज होती. तो गेला नाही कारण मागे वळलो तर लोक काय म्हणतील. कुऱ्हाडी घेऊन झाडं पाडणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आर्नल्डचं पण नाही म्हणा, साराटोगाला त्याच्या जखमी पायाचं स्मारक आहे, नुसता बूट, नाव कोरलेलंच नाही, कारण पुढे तो फितूर झाला.

कोरडवाहू:
झाडं पाडणाऱ्यांना माझं मत. गिलफर्ड दुसऱ्या नंबरवर.

आबा_तळेगाव:
कोणी इकडे आलात तर कळवा, तळं दाखवतो. तोफा मात्र विचारू नका, प्रत्येक जण विचारतो.

जर्सीची_काकू:
आणि कोणी डिसेंबरात जर्सीला आलं तर सांगा, नाताळला जाऊ नदीवर. वारा नसला तर बोटी सोडतात. थालीपीठं आणते.